एवढीशी खीळ

लहानपणी कीर्तनात ऐकलेली एक गोष्ट बहुतेक मराठी माणसांच्या कानावरून गेलेली असते. ऐन युद्धात दशरथाच्या रथाच्या आसाची खीळ निखळली. चाक निसटणार, एवढ्यात शेजारी बसलेल्या कैकेयीने आसाच्या भोकात स्वतःचं बोट घातलं आणि लढाई संपेपर्यंत तसंच ठेवलं. त्या बोटापायी दोन वर मिळाले, वरांपायी वनवास घडला आणि पुढचं सगळं रामायण. तेव्हा मला त्या गोष्टीत कैकेयीचं धैर्य दिसायचं. बर्लिनला आल्यावर, वानझेच्या काठावर एप्रिलच्या थंडीत एक शिडाची होडी तयार होताना पाहिली आणि त्या गोष्टीतली खीळ दिसू लागली. एवढीशी वस्तू. तिच्यावर कसलाही भार नाही. आणि ती गेली की रथ गेला.

बर्लिन समुद्रापासून बरंच आत आहे, पण हे पाण्याचं शहर आहे. पश्चिमेला हाफेल नदी वाटेत ठिकठिकाणी पसरून सरोवरासारखी होते. वानझे हा तिचाच एक फुगवटा. पूर्वेला म्युगेलझे, शहरातलं सगळ्यात मोठं सरोवर. वानझेवरचा ‘फेराइन झेग्लरहाउस’ हा शिडाच्या होड्यांचा क्लब 1867 सालचा. हिवाळ्यात पाणी गोठतं, म्हणून ऑक्टोबरात क्रेन येते आणि होड्या काठावर उचलून ठेवते. डोलकाठ्या उतरवून छपराखाली एकावर एक आडव्या रचतात. एप्रिलमध्ये क्रेन पुन्हा येते. तिच्या आधीचे दोन-तीन आठवडे क्लबच्या आवारात बघण्यासारखे असतात. लाकडी घोड्यांवर डोलकाठ्या आडव्या टाकलेल्या, शेजारी बिस्किटांच्या जुन्या डब्यांत शॅकल, कप्प्या, कड्या, पिना. माणसं चष्मा कपाळावर सरकवून डोलकाठीच्या टोकाशी वाकलेली. सगळी मिळून शोधत असतात ते एकच: काय झिजलं आहे आणि काय हरवलं आहे.

त्या डब्यातली सगळ्यात लहान वस्तू आधी बघू. जर्मन तिला ‘श्प्लिन्ट’ म्हणतात, आपल्याकडे गॅरेजमध्ये तिला स्प्लिट पिन म्हणतात. तळहातावर घेतली तर केसांच्या आकड्यासारखी दिसते. डोळ्याजवळ नेली की तिची करामत कळते. ज्या तारेची ती बनली आहे ती गोल नसते, अर्धगोल असते. एका बाजूने सपाट. ती मधोमध दुमडली की दोन सपाट बाजू एकमेकींना चिकटतात आणि दोन अर्ध्यांची मिळून एक पूर्ण गोल काडी होते. दुमड आहे तिथे डोकं तयार होतं, ते भोकातून आरपार जाऊ शकत नाही. दोन पायांपैकी एक पाय किंचित लांब ठेवलेला असतो, म्हणजे गार पडलेल्या बोटांनीही नख घालून पाय फाकवता येतात. वजन म्हणाल तर ग्रॅम-दोन ग्रॅम. दुकानात अशा दहा-वीस एका पाकिटात मिळतात.

आता दुमजली घराएवढी उंच डोलकाठी बघा. आपल्याला वाटतं ती विजेच्या खांबासारखी होडीत रोवलेली असेल. बर्लिनमधल्या बहुतेक होड्यांत ती नुसती टेकवलेली असते, बुंध्याशी एक बिजागरी घालून. तिला उभं ठेवतात त्या तारा: एक पुढे, होडीच्या नाळेकडे जाणारी, दोन किंवा चार बाजूंना, काही होड्यांत एक मागे. चारी बाजूंनी ओढलं म्हणून मधली काठी उभी राहते. तंबूचा खांब असाच उभा असतो, मांडवाची मेढही. प्रत्येक तार वर डोलकाठीला आणि खाली होडीला एका आडव्या पिनेने जोडलेली असते. ही पिन मात्र दणकट. तार ओढते तो सगळा जोर ती अंगावर घेते. पण पिन म्हणजे शेवटी भोकात घातलेली काडीच. ती जशी आत गेली तशी बाहेरही येऊ शकते. ती येऊ नये म्हणून तिच्या टोकाला एक बारीक भोक असतं आणि त्या भोकात आपला श्प्लिन्ट. म्हणजे शीड वाऱ्याला धरतं, डोलकाठी शिडाला, तार डोलकाठीला, पिन तारेला आणि पिनेला धरतो हा दोन ग्रॅमचा आकडा. बैलगाडीच्या आसाच्या टोकाला खीळ असते तिचं काम हेच. गाडीचा भार आस आणि चाक वाहतात. खीळ फक्त चाकाला ‘जाऊ नकोस’ म्हणते.

तारेकडेही थोडं थांबून बघण्यासारखं आहे, कारण तिच्यात एक सुंदर गणित लपलं आहे. टेबलावर एक रुपयाचं नाणं ठेवा आणि त्याला चिकटवून भोवती तशीच नाणी लावत जा. बरोबर सहा बसतात, ना कमी ना जास्त. त्या सहांच्या भोवती पुढची फेरी लावा: बारा. एक, सहा आणि बारा मिळून एकोणीस. डोलकाठीची तार कापून तिचं टोक बघितलं तर हीच रांगोळी दिसते: मधे एक तार, भोवती सहा, त्यांच्याभोवती बारा. एकोणीस सरळसोट तारांना थोडासा पीळ दिलेला. आत पोकळी जवळजवळ नाही, म्हणून ती ताणली तरी फारशी लांबत नाही. अशी चार मिलिमीटर जाडीची, म्हणजे साध्या पेन्सिलीपेक्षाही बारीक तार एक टनाहून जास्त वजन पेलते. तारांचा दोर वळण्याची कल्पनाही जर्मनीतलीच. हार्त्स पर्वतातल्या क्लाउस्टालच्या खाणीत साखळ्या आणि वाखाचे दोर वारंवार तुटत, म्हणून विल्हेल्म आल्बेर्ट या खाण-अधिकाऱ्याने 1834 साली लोखंडी तारा वळून दोर केला. खाणीतून तो जगभरच्या जहाजांवर गेला.

टनभर पेलणारी तार कशाला हवी, शीड तर कापडाचं, असं वाटेल. इथे भूमिती आडवी येते. होडी अरुंद, डोलकाठी उंच. त्यामुळे बाजूची तार डोलकाठीला जवळजवळ समांतरच उतरते, मधला कोन जेमतेम दहा-बारा अंशांचा. शीड आडवं ढकलतं, पण तार ओढते ती मुख्यतः खाली. दहा अंशांच्या कोनात 100 किलोचा आडवा जोर थोपवायचा तर तारेला सुमारे 575 किलोंनी ओढावं लागतं. म्हणजे वाऱ्याचा प्रत्येक धक्का पिनेपर्यंत पोचेतो जवळजवळ सहापट झालेला असतो. डोलकाठीच्या अर्ध्या उंचीवर दोन्ही बाजूंना पंखांसारख्या आडव्या पट्ट्या दिसतात त्या या कोनासाठीच. तार त्या पट्टीवरून वळवून नेली की वर तिचा कोन थोडा मोठा होतो आणि ओढ कमी होते. त्या पट्टीच्या टोकाला तार अडकवणारा छोटा चिमटा झिजला तर तार सरकते, कोन बदलतो आणि सगळा हिशेब बदलतो.

आता बर्लिनची खरी गंमत. हे शहर होड्यांमधून उभं राहिलं असं इथले लोक म्हणतात, आणि ते शब्दशः खरं आहे. ब्रांडेनबुर्गच्या भट्ट्यांमधल्या विटा होड्यांमधून आल्या आणि त्या विटांची घरं झाली. शहर वाढलं तसे पूल वाढले, आणि डोलकाठीला पुलासारखा शत्रू नाही. 1798 सालचा युंगफर्न पूल, शहरातला सगळ्यात जुना, साखळ्यांनी उचलला जायचा. तिथे पूल होडीसाठी बाजूला होत असे. बाकी ठिकाणी होडीच नमते. आजही टेगेलच्या सरोवरातून वानझेला जायचं तर श्पांडाऊचा जलपाश आणि त्याच्या आजूबाजूचे पूल लागतात. खालून जाताना डोलकाठी आडवी करावी लागते. म्हणून इथल्या डोलकाठ्यांना बुंध्याशी बिजागरी. डोलकाठीच्या बुंध्यापुढे एक आडकाठी उभी करतात, तिला ‘यूटबाउम’ म्हणतात. डोलकाठी झोपलेली असताना पुढची तार नुसती ओढली तर ती डोलकाठीच्या दिशेनेच ओढते, उचलत नाही; ही आडकाठी त्या ओढीला उंचीवरून वळवते आणि एकटा माणूसही डोलकाठी हळूहळू उभी करू शकतो. पुलाआधी पुढची तार सोडायची, डोलकाठी आडवी करायची, पूल ओलांडायचा, पुन्हा उभी करायची, तार जोडायची, पिन घालायची, पिनेत श्प्लिन्ट घालायचा.

समुद्रावरची होडी हंगामात एकदा पिन घालते आणि विसरते. बर्लिनची होडी एका सहलीत ती चार वेळा काढते. दरवेळी ती हातात, दातांत, खिशात किंवा फळीवर ठेवली जाते. दरवेळी ती पाण्यात पडू शकते. म्हणून इथे बरेच जण पुढच्या तारेला श्प्लिन्टऐवजी किल्ल्यांच्या कडीसारखी दुहेरी कडी वापरतात. ती काढायला सोपी, आणि त्यातच तिचा दोष. शिडाचा दोर सपकन तिच्यात अडकला तर तिचा एक वेढा उघडतो आणि ती गोल फिरत निघून जाते. माझ्या मते जिथे दोर घासत जातात तिथे कडी घालूच नये. तिथे पाय फाकवलेला श्प्लिन्टच हवा आणि त्यावर चिकटपट्टीचा एक वेढा, शीड फाटू नये म्हणून. कडी फक्त जिथे वारंवार सोडावं लागतं तिथे, आणि तीही पट्टीखाली.

पण पुलांचं एक देणंही आहे. डोलकाठी वरचेवर आडवी होते म्हणून तिचं टोक वरचेवर डोळ्यांसमोर येतं. तिथे शीड वर खेचणाऱ्या दोराची कप्पी असते. तिचं चाक अडलं की दोर फिरत नाही, घासतो, आणि प्लास्टिकच्या चाकात करवतीसारखी खाच पाडतो. समुद्रावर हे बघायला डोलकाठीवर चढावं लागतं. बर्लिनमध्ये ते छातीच्या उंचीवर येतं, बोटाने चाक फिरवून बघता येतं.

पिन मुळात बाहेर का येते, हा प्रश्न मला बरेच दिवस छळत होता. ओढ तर तिच्यावर आडवी असते. तिला लांबीच्या दिशेने ढकलणारं कोणी नसतं. उत्तर होडीच्या चालण्यात आहे. वारा एका बाजूने असेल तर त्या बाजूची तार ताठ, दुसऱ्या बाजूची सैल. होडीने दिशा बदलली की उलट. सैल तारेच्या टोकाशी पिन भोकात मोकळी असते, थरथरते, थोडी फिरते, केसभर सरकते. मग ताठ, मग सैल, पुन्हा केसभर. हाफेल अरुंद आहे आणि काठावरच्या झाडांमुळे वारा तुकड्यातुकड्यांनी येतो, त्यामुळे इथे दर काही मिनिटांनी शिडाची बाजू पालटावी लागते. पाच मिनिटांनी एकदा धरलं तरी चार तासांच्या फेरफटक्यात जवळजवळ पन्नास वेळा. याच शहराच्या पाण्यावर शिकलेले पूर्व बर्लिनचे जोखेन श्यूमान यांनी 1976, 1988 आणि 1996 अशी तीन ऑलिम्पिक सुवर्णपदकं मिळवली. या लहरी वाऱ्याने त्यांचे हात घडले असतील तर नवल नाही. पण जो वारा नाविकाचे हात घडवतो तोच पिनेला घराबाहेर काढतो. तार आवळणाऱ्या टर्नबकललाही तो हळूहळू उलगडतो. टर्नबकलच्या दोन टोकांना उलटसुलट आटे असतात, मधला भाग फिरवला की दोन्ही बाजू एकदम जवळ येतात. आणि थरथरीने तो उलटा फिरला की एकदम लांबही जातात. म्हणून त्यालाही दोन श्प्लिन्ट.

या ‘ताठ-सैल’चा दुसरा परिणाम अधिक गूढ आहे, आणि तो ज्याने उलगडला त्याचं कामही याच मुलखातलं. 8 मे 1842 रोजी व्हर्सायजवळ आगगाडीच्या इंजिनाचा आस मोडून भीषण अपघात झाला. युरोपभर आस असेच मोडत होते. झेपेल त्याहून कितीतरी कमी भार, चांगलं लोखंड, आणि तरी एक दिवस कडाड्. बर्लिन ते ब्रेस्लाऊ धावणाऱ्या रेल्वेत ऑगुस्ट व्योलर नावाचे अभियंता होते. त्यांनी आस फिरवून तोडणारी यंत्रं बांधली आणि 1870पर्यंत वर्षानुवर्षं मोजत राहिले. फिरत्या आसाचा प्रत्येक बिंदू एका फेरीत एकदा ताणला जातो, एकदा दाबला जातो. व्योलर यांना दिसलं की भार किती यापेक्षा तो किती वेळा आणि किती फरकाने बदलतो यावर धातूचं आयुष्य ठरतं. धातू थकतो. आत नखाच्या ओरखड्याहून बारीक चीर पडते, दर फेऱ्याला कणभर वाढते, आणि उरलेला भाग पुरेनासा झाला की सगळं एका क्षणात तुटतं. बर्लिनमध्येच 1871 साली साहित्य तपासणारी सरकारी संस्था सुरू झाली. तिची वारसदार आजही शहरात हेच काम करते. आणि वानझेवरच्या तारेची प्रत्येक बाजूपालट ही व्योलर यांच्या आसाची अर्धी फेरी आहे. कैकेयीच्या गोष्टीतल्या आसापासून निघून मी पुन्हा एका आसापाशीच आलो, याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

तार थकते कुठे? मधे सहसा नाही. ती ज्या धातूच्या नळीत दाबून बसवलेली असते त्या नळीच्या तोंडाशी, जिथे मोकळी तार अचानक ताठ होते. म्हणून तिथे बोटभर लांबीचा एक सांधा घालतात, दोन्ही दिशांना हलणारा, म्हणजे तारेला वाकावं लागू नये. हा सांधा जुन्या होड्यांत कधीकधी नसतोच, कोणीतरी दुरुस्तीत वगळलेला असतो. एकोणीसपैकी एक तार तुटली तर डोळ्यांना दिसत नाही. कापसाचा बोळा घेऊन तार वरून खाली पुसत यायचं. जिथे कापसाचा तंतू अडकतो तिथे तुटकं टोक आहे. हात फिरवायचा नाही. ते टोक माशाच्या गळासारखं बोटात शिरतं.

गंजाचं काय? ही सगळी मंडळी स्टेनलेस स्टीलची. जर्मन दुकानात आजही ‘फाउ-त्स्वाइ-आ’ आणि ‘फाउ-फीअर-आ’ अशा नावांनी ते मागतात. एसेनच्या क्रुपच्या कारखान्यात प्रयोगासाठी वितळवलेल्या पोलादांची ती नावं, ती तशीच रुळली. या पोलादात क्रोमियम असतं आणि हवेशी भेट झाली की त्याचा अदृश्य पापुद्रा पृष्ठभागावर चढतो. ओरखडा पडला तर पापुद्रा पुन्हा धरतो. म्हणजे याला श्वास घ्यायला हवा. नळीच्या तोंडाशी, चिकटपट्टीच्या खाली, पिनेच्या भोकात पाणी साचून हवा पोचली नाही की पापुद्रा भरून येत नाही आणि आतून खड्डे पडतात. तपकिरी अश्रूसारखा ओघळ दिसला तर तिथे आत बघायचं. बर्लिनचं पाणी गोडं आहे, म्हणून हा रोग इथे हळू चालतो; मीठ त्याला फार आवडतं.

आपल्या कोकणातल्या फतेमारी आणि मचव्यांच्या डोलकाठ्यांना काथ्याच्या दोरांचा आधार असे. काथ्या ओला होतो, सैलावतो, त्याचे केस निघतात. तांडेलाला हाताला लागतं की हा दोर आता आवळायला हवा, हा बदलायला हवा. पोलाद असं बोलत नाही, ते कमालीचं भक्कम असतं आणि शेवटपर्यंत तसंच दिसतं. म्हणून पोलादाच्या डोलकाठीला कॅलेंडर लागतं, आणि बर्लिनचा एप्रिल हे ते कॅलेंडर.

समुद्रावर ही चैन नसते. गोव्यात दिवार बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधलेल्या ‘म्हादेई’तून कमांडर दिलीप दोंदे यांनी 19 ऑगस्ट 2009 ते 19 मे 2010 या काळात एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, अशी करणारे ते पहिले भारतीय. त्या वाटेवर बंदरं फक्त चार. दोन बंदरांच्या मधे जे झिजलं किंवा हरवलं त्याला सोबतच्या डब्याबाहेर दुकान नाही. त्यामुळेच सतरा मीटरच्या त्या होडीपेक्षा तो डबा मला जास्त थक्क करतो.

बदलताना काय पाळायचं, ते थोडक्यात. नवी पिन भोकाच्या मापाचीच, बारीक पिन मोठ्या भोकात खेळते. श्प्लिन्टची लांबी ज्या पिनेत तो बसतो तिच्या जाडीच्या साधारण दीडपट. पाय थोडेसेच फाकवायचे, मागे गुंडाळायचे नाहीत. रात्री पावसात सोडायची वेळ आली तर पक्कड लागली न लागली तरी निघाला पाहिजे. अल्युमिनियमच्या डोलकाठीत स्टीलचा स्क्रू थेट बसवायचा नाही, दोन धातूंच्या मधे ओल आली की अल्युमिनियम खाल्लं जातं. मधे लेप हवा. आणि चालत्या होडीत वाऱ्याकडच्या बाजूची पिन गेलेली दिसली तर शीड उतरवत बसू नका, लगेच होडी फिरवा. वारा दुसऱ्या बाजूला गेला की धड असलेली तार ताठ होते, मोकळी सैल पडते, आणि पिन घालायला वेळ मिळतो.

एक प्रयोग घरीच करून बघा. कागदाला लावायची क्लिप सरळ करा, वाकवा, पुन्हा सरळ करा. तिसऱ्या-चौथ्या वेळी ती कडक होते, दुमडीजवळ ओठ लावला तर गरम लागते, आणि मग तुटते. श्प्लिन्टचंही तेच होतं. म्हणून एकदा वाकवलेला श्प्लिन्ट सरळ करून पुन्हा घालू नका. डोलकाठी उभी करण्याआधी नवं पाकीट उघडा.